पाळणा पास, आई नापास

बिल्डिंगमध्ये बाळ आलं की तीन गोष्टी ढिगाने जमतात. दुपटी, सल्ले आणि किस्से. दुपट्यांची पुढे फडकी होतात, सल्ले कोणी ऐकत नाही, पण किस्से काही कमी होत नाहीत. उलट दर हळदीकुंकवाला थोडे वाढतातच! मी काही मुद्दाम गोळा करत नाही हो. माझं दार जिन्यासमोर, दार उघडं ठेवायची सवय, आणि देवाने कान दिलेत दोन. आमचे हे म्हणतात, "दिलेत दोन, वापरतेस चार." म्हणू देत.

तर आमची गोडदेवची तीन मजली बिल्डिंग. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट असेल. माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये दिलीप आणि त्याची बायको वैशाली राहायची. सोबत दिलीपचे आईवडील, इंदूआजी आणि नाना. एक हॉल, एक किचन, एक गॅलरी आणि चार माणसं. मार्चअखेर वैशालीला मुलगी झाली आणि पाच झाली.

बाळंतपणाला वैशाली माहेरी गेली नाही. तिचं पहिलं बाळ माहेरी असताना, दीड महिन्याचं होऊन, झोपेतच गेलं होतं. दुपारी झोपवलं ते उठलंच नाही. का, ते कोणालाच सांगता आलं नाही. हे मला इंदूआजींनी एकदाच सांगितलं, जिन्यात, आवाज खाली घेऊन. वैशालीला मी कधी काही विचारलं नाही. मी विचारलं नाही! यावरून काय ते समजा.

त्यामुळे ह्या दुसऱ्या बाळाची झोप हा सगळ्या बिल्डिंगचा विषय झाला. आणि आमच्या बिल्डिंगने एखादा विषय हातात घेतला की काय होतं, तेच सांगते.

*

आमच्या बिल्डरने हॉलच्या छताला एकच हुक दिला होता. एकच! म्हणजे पंखा लावा, नाहीतर पाळणा. दोन्ही हवं असेल तर दुसरा ब्लॉक घ्या.

त्यातून हुकाचा काही भरवसा नाही. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर एकांनी पाळणा बांधायच्या आधी तांदळाचं पोतं टांगून बघितलं, तर हुक पोत्यासकट खाली! गवंड्याने तो सळीला न अडकवता नुसता सिमेंटमध्ये खोचला होता. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. बारशाच्या आदल्या दिवशी जयंतीभाईंनी हुकाला लोंबकळायचं.

जयंतीभाई पहिल्या मजल्यावरचे. स्टेशनजवळ त्यांचं फरसाणचं दुकान. वजन अठ्ठ्याण्णव किलो, तेही नाश्त्याच्या आधी. "मी पास तो हुक पास!" असं ते अभिमानाने सांगायचे. मानाने बोलवायला लागायचं त्यांना. नारळ द्यायचा.

वैशालीच्या घरी पंखा उतरवून माळ्यावर टाकला, हुकाला दोर बांधला. जयंतीभाई स्टुलावर चढले, दोर दोन्ही हातांनी धरला, "जय श्रीकृष्ण" म्हणाले आणि पाय वर घेतले. आम्ही दहा-बारा जण खाली श्वास रोखून. नानांनी तत्परतेने स्टूल बाजूला ओढून घेतलं.

हुक टिकला. दोर टिकला. जयंतीभाईंच्या लेंग्याची नाडी टिकली नाही!

दोन्ही हात वर, स्टूल लांब. भाई तिथूनच ओरडले, "हुक पास छे! पण बायकांनो, भिंतीकडे बघा!"

बघितलं आम्ही भिंतीकडे. बहुतेक जणींनी.

*

बारशाला पाळणा भोईरबाबांचा. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे पूर्वी भोईरबाबांची भातशेती होती. पलीकडे मिठागर. आता शेती गेली, मिठागर गेलं, पण सागवानी पाळणा राहिला, पितळी पोपटांचा. बिल्डिंगमधलं प्रत्येक मूल त्याच पाळण्यात झोपलेलं. बाबा स्वतः डोक्यावर घेऊन यायचे.

ह्या वेळी मात्र पाळण्याला परीक्षक भेटली. तळमजल्यावर सिस्टर फिलोमिना राहायची. उत्तनच्या बाजूचं चौक गाव आहे ना, तिथली. बाप मासेमारीला जायचा, ही नर्स झाली. इथल्याच एका प्रसूतिगृहात नोकरी, म्हणून खोली घेऊन राहिलेली. उंचीने एवढीशी, पण बोलायला लागली की डॉक्टरसुद्धा बाजूला होतात.

ती ड्यूटीवरून आली ती थेट वैशालीकडे. पाळण्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडला कटिंगचा ग्लास आना."

मला वाटलं चहा हवाय. चहा भरून नेला! तिने तो उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि रिकामा ग्लास पाळण्याच्या दोन दांड्यांमध्ये धरून ढकलला. ग्लास पलीकडे गेला.

"ग्लास गेला म्हनजे बालाचं अंग जाईल. अंग जाईल नि डोकं अडकंल. पालना नापास!"

भोईरबाबा तिथेच बसले होते. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही सातबाऱ्यावरून नाव काढलं. "काय बोलतंस गो तू? या पालन्यान आमची सा पोरां मोठी झाली! एकाचं डोकं अडाकला न्हाय!"

"नशीब हाय बाबा तुमचं," सिस्टर म्हणाली.

"नशीब न्हाय. आमचे घरान्यान डोकीच मोठी हायेत!"

सिस्टरने बाबांच्या डोक्याकडे नीट बघून घेतलं. "ते दिसतंय. पन हे बाल तुमच्या घरान्यातलं न्हाय."

बाबा पाळणा उचलून तरातरा निघून गेले. बारसं उद्यावर आणि पाळणा नाही! इंदूआजींनी सिस्टरला काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. वैशाली नुसती बाळाला घट्ट धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हजर, डोक्यावर पाळणा. रात्रीत हाटकेशच्या एका कारखान्यातल्या सुताराला उठवून त्यांनी दोन-दोन दांड्यांमध्ये आणखी एकेक दांडी ठोकून आणली होती. कटिंगचा ग्लास सोडा, आता बोटसुद्धा जाईना.

दिलीपने वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "बाबा, हे बाळ आहे की आरोपी?"

*

पाळणा पास झाला. मग सिस्टरने सांगितलं ते इंदूआजींच्या पचनी पडायला फार जड गेलं. बाळाला उताणंच झोपवायचं. कुशीवर नाही, पालथं नाही. खाली पातळ, घट्ट गादी. पाळण्यात दुसरं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. उशी नको, लोड नको, गोधडी नको, खेळणी नको, गळ्यात दोरा नको.

"मग काय बाळाला रिकाम्या पाळण्यात टाकायचं? अनाथासारखं?" इंदूआजी म्हणाल्या.

"रिकामा न्हाय आजी. बाल असंल ना त्यात," सिस्टर म्हणाली.

पण आपल्याकडे बाळ बघायला माणूस रिकाम्या हाताने येतो का? आणि आणलेली वस्तू बाळाजवळ ठेवली नाही तर समाधान होतं का? वैशाली पडली गरीब स्वभावाची. नको म्हणायला तिची जीभ रेटायची नाही.

चार दिवसांनी सिस्टर बघायला आली. पाळण्यात राईची उशी. दोन्ही बाजूंना दोन लोड. पायाशी जयंतीभाईंच्या बायकोने दिलेला, बाळापेक्षा मोठा कापसाचा ससा. नानांचा खुळखुळा. एप्रिल महिन्यात लोकरीची कुंची! आणि गादीखाली इंदूआजींनी ठेवलेली सुरी, नजर लागू नये म्हणून. सगळ्यांवरून गोधडी.

सिस्टरने गोधडी उचलली, ससा उचलला. "बाल कुठं हाय?"

"माझ्याकडे," वैशाली कोपऱ्यातून म्हणाली. बाळ तिच्या मांडीवर.

"मंग पालन्यात कोन झोपलंय?"

जयंतीभाईंच्या बायकोने हळूच सांगितलं, "ससा."

त्या दिवसापासून काम माझ्याकडे आलं. माझं दार समोरच! येणाऱ्याने बाळ बघायचं, वस्तू माझ्याकडे जमा करायची. मी एक-दोघांच्या पिशव्यासुद्धा उघडून बघितल्या. लोक म्हणायला लागले, "बाळ बघायला जायचं तर आधी कस्टम लागतं."

सुरीचा प्रश्न तेवढा सुटेना. इंदूआजी म्हणाल्या, लोखंड हवंच. सिस्टर म्हणाली, धार असलेली वस्तू बाळापाशी नको. दोघी हटेनात. शेवटी सिस्टर म्हणाली, "आजी, सुरीची शक्ती लांबून चालत न्हाय काय? तुमच्या उशीखाली ठेवा. घर एकच हाय ना!"

हे पटलं. इंदूआजी सुरी स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपायला लागल्या.

नानांनी दुसऱ्याच दिवशी आपली वळकटी गॅलरीत हलवली.

*

मग धुरी. बाळ-बाळंतिणीला ओवा-शेपांची धुरी हवीच, हा इंदूआजींचा आग्रह. सिस्टरचं म्हणणं, जिथे बाळ झोपतं तिथे धूर नको, बिडीचाही नको. बिडीचं बरं होतं, नाना आधीच गॅलरीत गेले होते.

एक दिवस सिस्टर सकाळच्या ड्यूटीला गेल्याचं बघून इंदूआजींनी घमेल्यात निखारे घेतले. वैशालीने बाळाला उचललं आणि सरळ माझ्या घरी आली. नुसती येऊन बसली आणि आतून कडी लावून घेतली. गरीब स्वभावाची म्हटलं ना मी? त्या दिवशी ते मत बदललं.

इकडे इंदूआजी चिडल्या. धुरी घेणारं कोणी नाही, तरी रागाने त्यांनी मूठभर ओवा टाकला, वर लसणाची सालं टाकली. खिडकीतून धुराचे लोट! खाली कोणीतरी ओरडलं, "आग! आग लगी है!"

जयंतीभाई दुकानाला निघाले होते. तसेच मागे फिरले, पाण्याची भरलेली बादली उचलली, धापा टाकत वर आले आणि धुरात जे पहिलं हललं त्याच्यावर ओतली.

बाळाची धुरी राहून गेली. इंदूआजींची आंघोळ मात्र झाली.

सगळ्यात वाईट म्हणजे पाणी एक दिवसाआड यायचं. भाईंच्या बायकोने आठवडाभर त्यांना ऐकवलं, "बुढ्ढीला विझवायला माझी पिण्याची बादली?"

*

ह्या सगळ्यात एक वाद असा झाला की पार माझ्या घरात शिरला.

इंदूआजींना काळजी होती डोक्याची. पोर सदानकदा उताणी, मागून डोकं चपटं होणार. मग लग्न कसं जमणार? बारसं होऊन वीस दिवस झाले नव्हते, पण आजींची काळजी लग्नाला पोहोचली होती!

सिस्टर म्हणाली, "जागं असंल तवा पोटावर ठेवा थोडा वेल. पन समोर बसून ऱ्हायचं. डोला लागला की लगेच उतानं. मान पन घट्ट होते, डोकं पन गोल ऱ्हातं."

झालं! रोज सकाळी साडेदहाला चटईवर बाळाला पालथं ठेवायचं आणि भोवती आम्ही आठ-नऊ बायका. बाळाने मान जरा उचलली की टाळ्या. मान टेकवली की "अगं बाई!" भाजी निवडायची ती तिथेच, गहू पाखडायचे ते तिथेच. एवढी माणसं तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कधी आली नव्हती.

इंदूआजींची खात्री पटावी म्हणून मी म्हटलं, "आजी, चपट्या डोक्याचं काय अडतं? आमच्या ह्यांचं बघा. मागून पोळपाट आहे नुसता! झालंच ना लग्न?"

हे नेमके तेव्हाच दाराशी आले, किल्ली मागायला. सगळ्या बायका वळून ह्यांच्या डोक्याकडे बघायला लागल्या. एकीने तर "जरा वळा ना भाऊजी" असंही म्हटलं.

हे वळले. सगळ्यांना नीट दाखवलं. मग म्हणाले, "लग्न झालं, ते खरंय. पण गोल डोकं असतं तर हिच्याशी झालं नसतं."

*

आता हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. वैशाली झोपत नव्हती.

बाळ छान झोपायचं. वैशाली पाळण्याशेजारी बसून त्याच्या छातीकडे बघत राहायची. वर-खाली, वर-खाली. जरा हालचाल कमी वाटली की नाकाशी बोट. बाळ दचकून उठायचं, रडायचं, मग हिचा जीव भांड्यात पडायचा. तिचं बघून इंदूआजी बोट लावायला लागल्या, मग दिलीप, मग मी. खोटं कशाला बोलू, एकदा तर मी पावडरच्या डबीतला आरसा नेऊन धरला, वाफ येते का बघायला. बाळाने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं ना, जसं काही म्हणतंय, "तुम्हाला घरी कामं नाहीत का?"

जागरणाने वैशालीचा ताल सुटला. वरणात साखर पडली. कणीक म्हणून भिजवलं ते तांदळाचं पीठ. नाना बिचाऱ्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज पोळ्या जरा वेगळ्या लागतायत, छान आहेत." गॅलरीत राहून माणूस शहाणा होतो.

मग एक दिवस दुपारी मी सहज डोकावले. सहज म्हणजे, डोकावलेच. वैशाली खुर्चीत बसलेली, बाळ मांडीवर, आणि हिची मान एका बाजूला कललेली. हात सैल सुटलेले. बाळ गुडघ्यांकडे घसरत चाललेलं. मी धावले कशी, उंबरा ओलांडला कसा, काही आठवत नाही. बाळ माझ्या हातात होतं, एवढंच. लोक माझ्या डोकावण्याला नावं ठेवतात, ठेवू देत!

वैशाली जागी झाली, माझ्या हातात बाळ बघितलं आणि पांढरी फटक पडली.

संध्याकाळी सिस्टर आली. मी सांगितलंच. सांगणारच ना! सिस्टरने पाळणा बघितला, गादी बघितली, बाळाचा गळा, कपडे सगळं बघितलं. मग वैशालीसमोर मांडी घालून बसली.

"ऐक गो. हुक पास. पालना पास. बाल पास. तू नापास हायेस. झोप न्हाय घेतलीस तर तुझ्याच हातून पडंल ते. बसल्या बसल्या मांडीवर घेऊन झोपनं सगल्यात वाईट. झोप आली की बाल पालन्यात, नि तू चटईवर. एवढंच."

वैशाली म्हणाली, "दीड महिना होऊ दे सिस्टर. तो दिवस जाऊ दे. मग झोपेन."

त्याबद्दल ती बोलली ती एवढंच. मी मनातल्या मनात दिवस मोजले. अजून नऊ होते.

"नऊ दिवस न्हाय टिकनार तू," सिस्टर उठता उठता म्हणाली.

"टिकेन," वैशाली म्हणाली.

आणि टिकली. कशी, ते तिचं तिला ठाऊक. आम्ही पाळ्या लावून घेतल्या. बाळाला घेऊन ती बसली की कोणीतरी शेजारी बसायचं. डोळा लागलाच तर हातातून बाळ उचलायचं. जयंतीभाईंनीही एक पाळी मागून घेतली, पण आल्यापासून पंधराव्या मिनिटाला तेच घोरायला लागले. त्यांच्या घोरण्याने वैशाली जागी राहिली. म्हणजे पाळी वायाही गेली नाही.

*

तो दिवस उजाडला. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. पण दुपारी जेवणं आटोपली आणि एकेकाला वैशालीकडे काम निघायला लागलं. जयंतीभाईंची बायको लिंबं घेऊन आली. भोईरबाबा पाळण्याच्या कड्यांना तेल घालायला आले. खरं तर कड्यांमधून आधीच तेल गळत होतं. दिलीपने हाफ डे टाकलेला. जयंतीभाई दुकान बंद करून आले, म्हणाले, "आज गिऱ्हाईकच नाय." मी माझा टेबलफॅन घेऊन गेले, कारण वैशालीकडच्या हुकावर पाळणा आणि वर मे महिना.

हॉलमध्ये आम्ही अकरा जण बसलो. बाळ पाळण्यात, अंगावर एक पातळ झबलं, उताणं, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला टाकून शांत झोपलेलं. वैशाली भिंतीला टेकून, डोळे ताणून त्याच्याकडे बघत. टेबलफॅन इकडून तिकडे मान फिरवत होता, तेवढाच काय तो आवाज.

अडीच वाजले. पहिलं बाळ ह्याच सुमाराला. ते इंदूआजींना माहीत होतं, मला माहीत होतं. बाकीच्यांना कसं माहीत झालं, मला विचारू नका.

इंदूआजी उठल्या. मला वाटलं पाणी प्यायला. पण त्या उशी आणि चादर घेऊन वैशालीजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पड जरा. मी बघते."

"नको आई."

"मी एकटी नाही बघत. अकरा जणं आहेत. बावीस डोळे आहेत."

"कोणी नजर हलवणार नाही?" वैशालीने विचारलं. लहान मूल विचारतं ना, तसं.

"काकू," इंदूआजी मला म्हणाल्या, "तुम्ही पाळण्यासमोर बसा. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. बाळाच्या छातीवरून डोळे हलवायचे नाहीत. काहीही झालं तरी मागे वळून बघायचं नाही."

सव्वीस वर्षांच्या संसारात मला असा मान कोणी दिला नव्हता. मी बसले. वर-खाली, वर-खाली. वैशाली म्हणाली, "पाचच मिनिटं हं आई, मग मला..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

मग माझ्या पाठीमागे सुरू झालं. कुजबुज. खसखस. काहीतरी ओढल्याचा आवाज. इंदूआजींचं दबकं "हळू... पाय धर... अगं ते आधी काढ..." जयंतीभाईंचं "आस्ते, आस्ते". बांगड्या वाजल्यासारखं काहीतरी. पुन्हा शांत. माझ्या मानेला मुंग्या येत होत्या, कान फुटायला आले होते. पण आयुष्यात पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं नाही. वर-खाली, वर-खाली.

तीन वाजले. साडेतीन. बाहेर भंगारवाला ओरडायला लागला तर भोईरबाबा पायातलं हातात घेऊन जिन्याने धावले. चार वाजता नळाला पाणी आलं. नळाला पाणी आलं, आणि बिल्डिंगमधली एक बाई जागची हलली नाही! पंप नाही, बादल्या नाहीत, भांडण नाही. पाणी आपलं आलं आणि आपलं गेलं.

पाचला बाळ जागं झालं. रडलं नाही. हाताची मूठ तोंडात घालून चुपुचुपु करायला लागलं आणि पाय झाडत त्या पितळी पोपटांकडे बघायला लागलं. तो आवाज ऐकल्याबरोबर वैशाली ताडकन उठली. कोणाकडे न बघता पाळण्याशी आली. बाळाने तिच्याकडे बघितलं. तिने त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं.

मग तिचा हात मानेकडे गेला. मान वाकडी करून, डोळे बारीक करून ती म्हणाली, "आई गं... मान पार आखडली माझी. माझी उशी कुठे गेली? आणि हातातल्या बांगड्या?"

"काढून ठेवल्यात," इंदूआजी म्हणाल्या. "उताणी झोपवली होती तुला. उशी काढली, चादर काढली, बांगड्या काढल्या, केसांतल्या पिनासुद्धा काढल्या. मंगळसूत्र तेवढं राहू दिलं. सिस्टर ड्यूटीवर होती, विचारणार कोणाला!"